जुन्नरची आंबट बाजू

जुन्नरच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलेला माणूस शिवनेरीपासून सुरुवात करतो. मीही शाळेत तेच केलं, आणि पुन्हा वर्गावर पाठवलंत तर पुन्हा तेच करीन. पण या मुलखाला आणखी एक इतिहास आहे. तो क्रमिक पुस्तकात नाही, व्याख्यानमालेत नाही. तो पिण्याचा इतिहास. सरळ बोलायचं तर दारूचा. आमचं घर वारकऱ्यांचं, धाकट्या भावाच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे हा विषय ओसरीवर कधी निघाला नाही. आता नोकरी संपली, बाग मुलगा बघतो, आणि मला जे दिसतं ते लिहायला हरकत घेणारं कुणी उरलेलं नाही. भाऊ घेईल, पण तो मासिकं वाचत नाही.

मला दिसतं ते असं. बाहेरून आलेलं पेय इथे व्यापार ठरलं, पुढे उद्योग ठरलं. इथल्या माणसानं इथल्याच झाडापासून काढलेलं पेय मात्र आधी कराचा विषय झालं आणि मग गुन्ह्याचा. मधल्या मधे आमचा द्राक्षवाला, ज्यानं माल पिकवला आणि बहुतेक वेळा चाखलाही नाही.

सुरुवात नाणेघाटापासून करू. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून घाटावर येणारा माल याच वाटेनं चढायचा. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे आणि वाटेच्या तोंडाशी तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकली जायची असं आम्ही पोरांना सहलीत सांगत आलो. या वाटेनं यवनही, म्हणजे पश्चिमेकडचे परदेशी, आले. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचे दानलेख आहेत: इरिलानं पाण्याची दोन टाकी दिली, चिटानं बौद्ध संघाला भोजनमंडप दिला, चंदानं लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला. त्याच सुमाराला लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात भडोच बंदरावर उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात द्राक्षाची दारू आहे, आणि ती इटलीची असेल तर अधिक पसंत, असा शेराही आहे. ज्या उंच मातीच्या कुंभांतून ती यायची त्यांची खापरं आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननात सापडली. तेव्हा दख्खनच्या पठारावर वाईन काही नाशिककडच्या विंचूर-दिंडोरीनं आणलेली नाही. अर्थात चिटाच्या भोजनमंडपात ती वाढली गेली नसणार. भिक्खूंचे नियम आमच्या भावापेक्षा कडक होते.

यानंतर मी थेट पंधराव्या शतकात येतो, कारण तिथे जुन्नरला एक असा पाहुणा भेटतो की ज्याच्याबद्दल आमच्या तालुक्यानं अजून पुरेसं बोलून घेतलेलं नाही. अफनासी निकितिन. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा रशियन व्यापारी. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, १४७० च्या आसपास, हा माणूस होर्मुझहून जहाजात एक घोडा चढवून चौलला उतरला आणि चालत जुन्नरला आला. बहामनी राजवट होती, वजीर महमूद गवानचा काळ. जुन्नरला असदखान नावाचा सुभेदार. निकितिननं शहराचं वर्णन केलंय ते आजही ओळखू येतं: खडकाच्या बेटावर वसलेलं, माणसानं न बांधलेलं, वर जायची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकानंच चढावं. शिवनेरी पाहिलेल्याला आणखी काही सांगायला नको.

खानानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहराही देतो, नाही बदललास तर दोन्ही वसूल करतो, असा निरोप आला आणि चार दिवसांची मुदत मिळाली. मुदतीच्या शेवटी खोजा महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ मधे पडला आणि घोड्यासकट सुटका झाली. या सगळ्या भानगडीत पावसाळा. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. मग लोक या दिवसांत काय पेरतात, घोड्यांना हरभरा कसा घालतात, हे लिहिता लिहिता तो पेयावर येतो. म्हणतो, इथली माणसं मोठाल्या नारळांपासून दारू करतात, आणि ‘ब्रागा’ करतात ती ‘तातना’पासून.

ब्रागा म्हणजे रशियन शेतकरी घरी आंबवतो ती धान्याची पातळ, आंबूस, फेसाळ दारू; बिअरची खेडवळ बहीण. निकितिनला जुन्नरात तिच्यासारखं काहीतरी मिळालं. ‘तातना’ म्हणजे ताड असावा, असं अभ्यासक म्हणतात. मला स्वतःला शिंदीचा संशय आहे. ताड-माड कोकणचे, घाट चढून ताडी येईपर्यंत तिचं व्हिनेगर होणार. शिंदी मात्र आमच्याकडे ओढ्याकाठी उभी होती. पहाटे उतरवलेली गोड असते तिला नीरा म्हणतात, उन्हं चढली की तीच आंबते. पावसात अडकलेला, घोडा गेलेला, घरापासून हजारो कोस दूर असलेला माणूस संध्याकाळी ती प्यायला असेल, तर त्याला घरची आठवण झाली असणार. हा माझा तर्क. पण जुन्नरच्या आंबट पेयाची लेखी नोंद एका रशियन माणसानं केली आहे, हे काही तर्कानं ठरवायला नको. चौलजवळ रेवदंड्याला त्याचं स्मारक उभं राहिलं. आमच्याकडे, जिथे त्यानं पावसाळ्याचे दोन महिने काढले, तिथे माझ्या माहितीत साधी पाटीही नाही.

पुढचा भाग लवकर उरकतो, कारण तो सगळा कागदपत्रांचा आहे. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला. झाड छेदायला परवाना, रस उतरवायला पट्टी, भट्टीला मक्ता. घाटाखाली मुरबाड-शहापूरकडे मोह आणि घाटावर शिंदी, दोन्ही सरकारच्या वहीत गेले. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांना सावकारानं नाडलं हे आपण राघोजी भांगरे आणि जांबोरीच्या होनाजी केंगलेच्या बंडांच्या निमित्तानं वाचतो. पण जंगलाचा आणि अबकारीचा शिपाईही त्याच वाटेनं यायचा, हे वाचायचं राहून जातं. स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाई देसाईंच्या काळात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे. तुम्ही आज पुण्यात रीतसर बिअर घेता ती त्या दारूबंदी कायद्याखाली मिळणाऱ्या परवान्यानं. या कायद्यानं आमच्या भागातलं पिणं थांबलं नाही. घरी आंबवायची विद्या तेवढी गेली. हातभट्टी उरली, आणि हातभट्टीत चव नावाची गोष्ट नसते. तिची बाजू घेण्याचा माझा विचार नाही. तिनं मोडलेली घरं मी शाळेच्या हजेरीपटावर मोजली आहेत.

आता आंबटाकडे येतो, कारण हा लेख सुचला तो एका आंबट बाटलीमुळे.

माझी भाची बेल्जियममध्ये शिकायला होती. दिवाळीला आली ती एक जाडजूड बाटली घेऊन. शाम्पेनसारखं तारेनं बांधलेलं बूच. ब्रसेल्सच्या बाजूला लांबिक नावाची बिअर करतात, त्यात आंबट चेरी घालून मुरवलेली ही क्रीक. पद्धत तिनंच समजावली. गव्हाचा आणि जवाचा काढा थंडीच्या रात्री उघड्या उथळ हौदात निवत ठेवायचा. विरजण घालायचं नाही, हवेतून जे पडेल ते खरं. मग ओकच्या लाकडी पिंपात भरून वर्षं-दोन वर्षं ठेवायचं. त्यात आंबट चेरी, बियांसकट, आणि पुन्हा काही महिने. पिंपं बहुतेक आधी वाईनची असतात.

‘मामा, नुसतं तोंडाला लावून बघा, नाही आवडलं तर टाकून द्या,’ असं म्हणून तिनं स्टीलच्या पेल्यात चार बोटं ओतली. रंग जांभळट लाल, फेस गुलाबी आणि लगेच बसणारा. वास बिअरचा नव्हता. ओलं लाकूड, गंजीतलं जुनं गवत, आणि मागून कडू बदामाचा एक धागा. तो चेरीच्या बीचा, असं ती म्हणाली. घोट घेतला आणि कानशिलं आवळली. गोडी जवळपास नाहीच. आंबट, पण चिंचेसारखं ठसठशीत नाही. लांबत जाणारं, शेवटी जिभेला किंचित तुरट करून सोडणारं. दुसऱ्या घोटाला मला नाव सापडलं: करवंद. मे महिन्यात ओतूरच्या, घोडेगावच्या स्टँडवर ठाकर-कोळी बाया द्रोणात घेऊन बसतात ती डोंगरची काळी मैना. पूर्ण न पिकलेली, चीक ओठाला लागणारी.

आणि गंमत बघा. आपल्याकडच्या बेकरीत केकवर किंवा आइस्क्रीमवर जी लालभडक ‘चेरी’ लावतात ती पुष्कळदा चेरी नसतेच. कच्चं करवंद असतं. बी काढून, साखरेच्या पाकात उकळून, रंगात बुडवलेलं. म्हणजे बेल्जियमवाला आपली आंबट चेरी पिंपात घालून तिचा आंबटपणा वर्षभर सांभाळतो, आणि आम्ही आमचा आंबटपणा पाकात मारून दुसऱ्याच फळाचं नाव त्याला देतो. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती हसत सुटली, पण मला त्यात हसण्यासारखं फार दिसलं नाही.

कारण आंबटपणा सांभाळायची विद्या एकदा आमच्या नारायणगावात आली होती, आणि तीही डामडौलात.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शामराव चौगुले या मुंबईच्या उद्योजकानं फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शाम्पेनवाल्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य मिळवलं आणि नारायणगावच्या डोंगरउतारावर फेसाळ वाईनचा कारखाना उभा केला. फ्रान्सहून राफाएल ब्रिझ्बुआ नावाचा तज्ज्ञ आला. शार्दोने, युनी ब्लांक ही नावं आमच्या पंचक्रोशीत पहिल्यांदा ऐकू आली. जोडीला आपलं खायचं थॉमसन द्राक्ष होतंच. त्यातून निघालेली वाईन परदेशात ‘ओमर खय्याम’ नावानं गेली, देशात ‘मार्किस द पाँपादूर’ नावानं विकली गेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या दुकानांत भारतीय फेसाळ वाईन म्हणून जी बाटली मिळायची तिच्यावरचा फेस मीना नदीच्या खोऱ्यातला होता. मागून ‘रिव्हिएरा’, ‘शाँतिली’ या साध्या वाईन आल्या. नाशिकची सुला वाईनरी सुरू व्हायच्या दशकभर आधीची ही गोष्ट. नाशिकनं सध्या वाईनची राजधानी हा मान घेतलाय तो घ्यावा, पण देशातल्या अगदी पहिल्या काही घरांपैकी एक आमचं होतं.

नारायणगावच का? उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर. पावसाळा संपला की हवा कोरडी, थंडीत रात्री चांगल्या गार. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलेलं. आणि पुणे-नाशिक रस्ता दारात. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते; आमच्याकडे ती झोपत नाही, तिला आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची गोडी छाटणी माल धरायला. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल येतो, नेमका उन्हाचा चटका वाढायला लागतो तेव्हा. आणि खरी अडचण तिथेच.

ऊन वाढलं की द्राक्षातली साखर चढते आणि आम्ल उतरतं. खायच्या द्राक्षाला हे हवंच असतं. वाईनला मात्र आम्ल राहायला पाहिजे, आणि फेसाळ वाईनला तर सगळ्यात जास्त. साध्या वाईनचा माल २२ ते २४ ब्रिक्स साखरेला तोडत असतील, तर फेसाळ वाईनचा १८-१९ लाच तोडायचा, दातांना आंबट लागत असताना. आणि तोडायचा तो पहाटे, मणी गार असताना. आमच्या गावात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पारावर हशा झाला होता. द्राक्षबागेत ज्यांचा जन्म गेला त्या लोकांना, गोडी भरायच्या आत माल तोडणारा गिऱ्हाईक वेडाच वाटणार. ‘याला आंबटच पाहिजे तर चिंच का घेत नाही?’ असं आमचे एक चुलते म्हणाले होते.

पण कारण सरळ आहे. या पद्धतीत आधी साधी, कडक आंबट वाईन तयार करतात. मग ती बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच मारतात. बाटलीच्या आतच दुसऱ्यांदा आंबवण होतं; निघालेला वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाईनमध्येच विरघळतो. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त होतो, म्हणून काच जाड. बाटल्या महिनोन् महिने आडव्या. नंतर त्या उतरत्या फळीवर तोंड खाली करून लावतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ बुचाशी येतो. शेवटी बाटलीची मान गोठवून गाळाची गोळी उडवून टाकतात, वर नावापुरता गोडवा घालतात आणि तारेचं बूच बांधतात. इतक्या सोपस्कारानंतर जिवंत राहील असा आंबटपणा मुळात फळात असावा लागतो. नसला तर शेवटी हातात येतो तो गोड सोडा.

लाकडी पिंपाचंही तेच. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं. ओकच्या लाकडातून हवा अगदी सावकाश आत झिरपते, वाईन मऊ होते, लाकडाचा वास धरते. पण ज्या वाईनमध्ये आम्ल नाही ती त्या पिंपात पडून पडून मरते. भाचीच्या बाटलीनं मला हीच गोष्ट घोटात सांगितली: काळ आणि लाकूड दोन्ही सोसायला आंबट लागतं.

२००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. अबकारीत सवलत, वाईनरीला लघुउद्योगासारखी वागणूक, आणि वाईन पार्क. एक नाशिककडे विंचूरला, एक सांगलीत पलूसला. नारायणगावला काही नाही. इथे आधीच कारखाना आहे, असा हिशेब झाला असेल. तो कारखाना शॅम्पेन इंडेज, शातू इंडेज, इंडेज व्हिंट्नर्स अशा नावांनी चालला आणि परदेशातल्या वाईनरी विकत घेण्याइतका मोठाही झाला. मग २००८ ची मंदी आली, कर्ज अंगावर आलं, आणि २०१०-११ च्या सुमारास प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी अवसायनात काढण्यापर्यंत गेलं. त्याच दोन-तीन वर्षांत राज्यभर वाईन पडून राहिली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वाईन द्राक्षाच्या बागा तोडल्या.

आमच्या शेजारच्या बागेत हे मी उभा राहून पाहिलं. गडी करवतीनं वेल गुडघ्याच्या उंचीवर कापत होता. बुंधा ठेवायचा, कारण खालची मुळं चांगली मुरलेली. त्याच खुंटावर पाचर मारून जंबो या खायच्या द्राक्षाची काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची. कापल्या जागेतून पाणी ठिबकत होतं. मालक बांधावर बसून तंबाखू मळत होता. ‘गुरुजी, हिचं गिऱ्हाईक एकच. जंबोला रोज दहा व्यापारी दारात येतात,’ एवढंच तो म्हणाला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. करारानं एक दर ठरलेला आणि घेणारा बसला की माल वेलीवरच सुकला, हे दुखणं आंबट द्राक्षाचं. गोड द्राक्षाला निदान बाजार आहे. आज जुन्नर म्हटलं की काळा, लांबट, बोटभर मण्याचा जंबो, आणि तो परदेशातही जातो.

म्हणून दोष शेतकऱ्याचा नाही. दोष असलाच तर या गोष्टीचा की आंबट फळाची कदर करणारं दुसरं गिऱ्हाईक आपण तयारच केलं नाही. मधल्या काळात सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यायची की नाही यावर २०२२ साली राज्यात केवढा गदारोळ झाला. दोन्ही बाजूंची भाषणं मी ऐकली. एका बाजूनं संस्कृती, दुसऱ्या बाजूनं शेतकऱ्याचं कल्याण. नारायणगावचं नाव त्यात कुणाच्या तोंडून माझ्या तरी कानावर आलं नाही. ज्या गावात हा प्रयोग पूर्ण एक फेरी मारून बसला, त्या गावाला निदान विचारायला हवं होतं.

२०१८ मध्ये जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. फेब्रुवारीत द्राक्ष महोत्सव होतो, पुण्या-मुंबईची मंडळी बागेत फिरतात, घड हातात धरून फोटो काढतात, बेदाणे-मनुका घेऊन जातात. चांगलं आहे. माझी आयोजकांना एक विनंती आहे. महोत्सवात एक टेबल आंबट बाजूचं मांडा. त्यावर जुन्नरला पावसात अडकलेल्या निकितिनचा नकाशा ठेवा, वाईन द्राक्षाचा एखादा घड ठेवा, करवंदाचा मोसम तेव्हा नसतो तर त्याचं सरबत ठेवा. दारू ठेवू नका. भाऊ येणार असतो.

आणि दुसरी विनंती नारायणगाव, वारूळवाडी, येडगाव, खोडदच्या घरांना. डोंगरउतारावरच्या त्या कारखान्यात ज्यांनी पहाटे माल उतरवला, बाटल्या हाताळल्या, पिंपं धुतली, ती माणसं आता साठी-सत्तरीची झाली आहेत. नातवंडांनी एका दुपारी त्यांच्यासमोर फोन ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्यावं: काम काय होतं, पगार किती होता, फ्रेंच साहेब काय खायचा, पहिला घोट कुणी घेतला. माळ्यावर एखादं जुनं लेबल, पगाराची चिठ्ठी, बुचाची तार सापडली तर रद्दीवाल्याला देऊ नका. जुन्नरला वस्तुसंग्रहालय व्हावं ही मागणी जुनीच आहे. ते होईपर्यंत ही कागदं शाळेच्या कपाटात ठेवायला कुठल्याही मुख्याध्यापकाची ना नसावी.